नागपुरात सप्लायची गाडी चालवायची असेल तर

सिमेंट, सळाख, टाइल्स, प्लाय, पाइप असं बांधकामाचं सामान पुरवणाऱ्या एका कंपनीत मी अकरा वर्षं गाडी चालवली. आता त्याच धंद्यात गाड्या लावतो, म्हणजे सकाळी कोणती गाडी कुठे जाईल आणि तिच्यात काय चढेल ते ठरवतो. नवा मुलगा आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गाडी मले चांगली चालवता येते जी." येतच असेल. वाडीच्या गोदामातून निघून मानेवाड्यापर्यंत गाडी कोणीही आणतो. पण मानेवाड्याच्या एखाद्या लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत, शिरल्यावर साइटच्या अलीकडचे जे शंभर फूट असतात, तिथे ड्रायव्हर कोण आणि नुसता स्टिअरिंग धरणारा कोण, ते कळतं. टायर तिथे फुटतात. भांडणं तिथेच होतात, माल तिथेच फुटतो, मालाच्या चालानवर चुकीची सही तिथेच होते. या लेखात लायसन्स आहे, वजनाचा हिशोब आहे, पण निम्मा लेख त्या शंभर फुटांचाच आहे.

लायसन्स आणि गाडीचे कागद

लोकल डिलिव्हरीत चार प्रकारच्या गाड्या दिसतात. छोटा हत्ती (टाटा एस), पिकअप, टाटा ४०७ आणि चौदा-सतरा फुटी आयशर. तुमचं लायसन्स कोणत्या गाडीला चालतं, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरतं. एकूण वजन म्हणजे रिकामी गाडी अधिक माल. हे ७,५०० किलोच्या आत असेल तर हलक्या मोटार वाहनाचं साधं लायसन्स पुरतं. मालवाहू गाडीसाठी त्यावर वेगळा शिक्का लागतो की नाही, यावर विमा कंपन्या वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होत्या. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की वेगळा शिक्का लागत नाही. तरीही बरेच मालक ट्रान्सपोर्टचं लायसन्स मागतात, आणि माझंही मत आहे की काढून ठेवा. उद्या मोठी आयशर हातात आली तर तेव्हा धावपळ नको. त्याला वय किमान २० लागतं, हलक्या वाहनाचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं आणि डॉक्टरने दिलेला तब्येतीचा दाखला, म्हणजे फॉर्म १-ए, लागतो. हे लायसन्स पाच वर्षांचं असतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये गेली, त्यामुळे शाळा अर्धवट सुटली म्हणून मागे राहू नका. अर्ज परिवहन खात्याच्या 'सारथी' पोर्टलवर होतो. नागपूर शहर एमएच-३१, पूर्व नागपूर एमएच-४९ आणि ग्रामीण एमएच-४०. तुमचा पत्ता ज्या आरटीओ कार्यालयाखाली येतो तिथेच जायचं.

गाडीचे कागद मालकाचे असले तरी रस्त्यावर उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं. आरसी (गाडीच्या नोंदणीचा कागद), विमा, पीयूसी आणि फिटनेस या चारही गोष्टींच्या तारखा पहिल्याच दिवशी बघून मोबाइलमध्ये लिहून घ्या. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त असेल तर परमिटही लागतं. कागद डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये दाखवले तरी चालतात.

मालाचा कागद वेगळा. बिल किंवा डिलिव्हरी चालान सोबत हवंच. माल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जात असेल आणि किंमत एक लाख रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल, म्हणजे जीएसटीच्या पोर्टलवर काढलेला माल नेण्याचा कागद, लागतो. राज्याबाहेर, म्हणजे सौंसर-छिंदवाड्याकडे, पन्नास हजारांच्या वरच लागतं. ई-वे बिलावरचा गाडी नंबर तुमच्याच गाडीचा आहे ना, हे फाटकातून बाहेर पडण्याआधी वाचा. ऐनवेळी गाडी बदलली आणि ऑफिसातल्या पोराने नंबर बदलला नाही, असं महिन्यातून एकदा तरी होतं.

नोकरी धरण्याआधी

पगार किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. त्यापेक्षा उपयोगाचे प्रश्न दुसरे आहेत. पगार महिन्याचा की फेरीवर? आठ तासांनंतर थांबलं तर काय मिळतं? पीएफ आणि ईएसआयसी कापतात का, आणि कापत असतील तर भरतात का? (यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर घ्या आणि दोन महिन्यांनी स्वतः पासबुक उघडून बघा. ईएसआयसी असेल तर सोमवारी पेठेतलं कामगार विमा रुग्णालय घरच्यांनाही चालतं.) पंक्चर कोणाच्या खिशातून? टाइलची पेटी फुटली तर? नो-पार्किंगचा ई-चालान आला तर? यावर मालक "बघून घेऊ ना" म्हणाला तर समजा की तुमच्याच पगारातून बघून घेणार आहे. जाता जाता हेही विचारा की सोबत हमाल असतो का. एकट्या ड्रायव्हरला पन्नास पोती उतरवायला लावणारी जागा सोडलेली बरी. कंबर एकदा गेली की ती कोणताच मालक भरून देत नाही.

अस्सल लायसन्स ऑफिसात जमा करून ठेवायची पद्धत काही ठिकाणी आहे. देऊ नका, झेरॉक्स द्या. माझ्या पहिल्या नोकरीत मी दिलं होतं. सोडायच्या वेळी ते परत मिळायला चाळीस दिवस लागले आणि तेवढे दिवस मी घरी बसून होतो.

पासिंग

"गाडीचं पासिंग किती?" म्हणजे कायद्याने तिच्यात किती माल भरता येतो, हा या धंद्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. त्याचं उत्तर गोदामवाल्याच्या तोंडून ऐकायचं नसतं, आरसीवर वाचायचं असतं. एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उदाहरणार्थ आरसीवर एकूण वजन ७,४९० आणि रिकामं वजन ३,५०० किलो असेल तर उरले ३,९९०. रिकाम्या वजनात ड्रायव्हर-हमाल धरलेले नसतात, म्हणून तीन माणसांचे दोनशे किलो काढा. राहिले ३,७९०. सिमेंटचं पोतं ५० किलोचं, म्हणजे ७५ पोती. गोदामवाला "शंभर टाक ना, जवळच तर जायचं आहे" म्हणेल. शंभर पोती म्हणजे सव्वा टन जादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, वर जादा माल तिथेच उतरवायचा. तो दंड गाडी चालवणाऱ्यालाही लागतो. शिवाय जवळ जायचं असलं तरी उतारावर ब्रेकला ते जवळ आहे हे कळत नाही.

सिमेंटचं वजन मोजायला सोपं, फसवते ती सळाख. तिच्यासाठी एक सूत्र पाठ करा, मिस्त्री लोकांना ते येतंच. सळाखीच्या जाडीचा मिलिमीटरमधला आकडा त्यानेच गुणा आणि १६२ ने भागा, एका मीटरचं वजन किलोत येतं. १२ एमएमची सळाख: १२ गुणिले १२ म्हणजे १४४, भागिले १६२, साधारण ०.८९ किलो. पूर्ण सळाख १२ मीटरची, म्हणजे एक नग साधारण पावणेअकरा किलो. शंभर नग झाले की एक टन सत्तर किलो. ८ एमएमचा एक नग पावणेपाच किलोच्या आसपास. चालानवर टन लिहिलेले असतात आणि साइटवर नग मोजतात. हे गणित येत असलं तर "माल कमी आला" या भांडणात तुम्ही मुक्यासारखे उभे राहत नाही. शंका आली तर धरमकाट्यावर, म्हणजे अख्खी गाडी तोलायच्या काट्यावर, गाडी घ्या आणि काट्याची पावती चालानला टाचा.

छोट्या गाडीत सळाख वाकवून भरतात. सरळ सळाख हौद्याबाहेर काढून तिच्या टोकाला लाल फडकं बांधलं की झालं, हा जुना समज आहे. हौद्याच्या मागे, पुढे किंवा बाजूला माल बाहेर आला तर त्यालाही वेगळा २०,००० चा दंड आहे. आणि दंड बाजूला ठेवा. संध्याकाळी रिंग रोडवर तुमच्या मागे दुचाकीवर पोरगं असतं आणि ते मोबाइल बघत असतं.

माल लावताना

जो माल शेवटी उतरवायचा तो आधी चढवायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. गंमत पुढे आहे. जड माल केबिनच्या बाजूला आणि खाली हवा, मागच्या चाकांच्याही मागे नको. म्हणजे सिमेंट पुढे आणि पाइप, टाक्या मागे. पण पहिली डिलिव्हरी सिमेंटचीच असेल तर? ती उतरवल्यावर जे उरतं ते सगळं मागच्या फाळक्याकडे (हौद्याच्या दाराकडे) राहतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगायला लागतं. अशा वेळी दोन उपाय आहेत. फेऱ्यांचा क्रम बदलायला सांगा, किंवा पहिल्या साइटवर दहा मिनिटं जास्त घेऊन उरलेला माल पुढे सरकवा. दहा मिनिटांचा आळस केला की पुढच्या वळणावर सगळा माल आपोआप सरकतो, पण भलत्याच दिशेला.

सिमेंटची पोती विटांसारखी सांधे चुकवून लावायची. हौद्यात आधी प्लास्टिक अंथरायचं, कारण हौद्याच्या पत्र्यातल्या भोकांतून चाकांचं पाणी वर उडतं. पोत्याला हमालाचा लोखंडी आकडा लावू देऊ नका. टाइलच्या पेट्या आडव्या ठेवल्या तर खालची फुटते, त्या कडेवर उभ्याच ठेवायच्या, एकमेकींना घट्ट चिकटून, मध्ये पोकळी आली तर पुठ्ठा कोंबायचा. दोन बाय दोनच्या चार टाइल्सची पेटी अठ्ठावीस-तीस किलोची असते, एका माणसाने दोन उचलून मर्दानगी दाखवू नये. प्लाय आडवा, काच उभी. संडासचं भांडं आणि बेसिन सगळ्यात शेवटी, जुन्या गादीच्या तुकड्यावर. गादीचा तुकडा कंपनी देत नाही, घरून आणा.

दोर बांधल्यावर एक किलोमीटरवर गाडी थांबवून पुन्हा आवळा. हादऱ्याने माल बसतो आणि दोर सैल होतो, हे प्रत्येक वेळी होतं.

सकाळची पाहणी

पाच मिनिटांचं काम. टायर थंड असतानाच हवा बघायची. उन्हात धावून आल्यावर हवा जास्त वाटते म्हणून सोडायची नाही. ऑइल, कूलंट, ब्रेक दाबून बघणं, दिवे, हॉर्न, स्टेपनी, जॅक आणि पाना. गाडीखाली वाकून बघा, रात्री कुत्री तिथेच झोपतात. डाग दिसला तर तो कशाचा आहे ते बोटाने बघा. आणि गाडीला आधीपासून असलेले पोचे-ओरखडे यांचे फोटो काढा, विशेषतः काल दुसऱ्याने चालवली असेल तर.

पत्ता

नागपूरचा पत्ता ही वेगळीच चीज आहे. बेसा, पिपळा, हुडकेश्वर, बेलतरोडी, वाठोडा, या बाजूला सगळे सोसायट्यांचे लेआउट. एकाच सोसायटीचे तीन लेआउट तीन दिशांना असू शकतात, आणि प्लॉट नंबर १४ च्या बाजूला १५ असेलच याची खात्री नसते. "हनुमान मंदिराजवळ" असं कोणी सांगितलं तर हसा आणि पुढचा प्रश्न विचारा, कारण हनुमान मंदिर नसलेला लेआउट मला अजून दिसायचा आहे. फोनवर बोलायचं असं: "काका, नमस्कार. सप्लायची गाडी घेऊन येऊन राहिलो. मेन रोडवरून कोणत्या पानठेल्यापासून आत वळायचं? गल्लीत चौदा फुटी गाडी येते का? समोर कोणाची कार उभी असते का? वायर खाली लोंबते का? माल कोण उतरवून घेईल?" पाच प्रश्न, दोन मिनिटं. लोकेशन मागवा, पण ते घरमालक ऑफिसात बसून पाठवत असेल तर तुम्ही त्याच्या ऑफिसला पोहोचाल. साइटवरच्या मिस्त्रीकडून मागवा.

मोबाइलचा नकाशा गल्ली दाखवतो, गल्लीची रुंदी दाखवत नाही आणि पुलाची उंची तर नाहीच. तुमच्या गाडीची उंची फुटांत लिहून समोरच्या काचेवर आतून चिकटवा. रेल्वेखालचे पूल आणि जुन्या पुलांसमोरचे लोखंडी अडथळे यांच्याशी वाद घालता येत नाही. जड गाड्यांच्या नो-एंट्रीच्या वेळा वाहतूक पोलीस बदलत असतात, त्या कंपनीच्या ऑफिसात भिंतीवर लावलेल्या असायला हव्यात. नसतील तर मागा. इतवारी, गांधीबाग, महाल इथे मोठी गाडी न्यायचीच असेल तर दुकानं उघडायच्या आत. सीताबर्डीला तर अकरानंतर जायचं नावच घेऊ नका. लकडगंजात रस्ते बरे, पण तिथे प्रत्येक जण माल चढवत-उतरवत असतो, त्यामुळे तुमच्या पाळीला वेळ धरूनच निघा. कळमन्याच्या बाजूला सकाळी भाजी-धान्याच्या गाड्यांची रांग असते. भंडारा रोडचं काम असेल तर ते दुपारी ठेवा.

शेवटचे शंभर फूट

आता मुद्द्यावर येतो. साइट दिसली की गाडी आत घालायची नाही. मेन रोडच्या कडेला उभी करा, हॅण्डब्रेक लावा, किल्ली काढा आणि चालत जा. नवे ड्रायव्हर याला कमीपणा समजतात. मी अकरा वर्षं चालत गेलो.

चालताना काय बघायचं? सगळ्यात आधी पायाखालची जमीन. नागपूरच्या आसपास काळी कन्हार माती आहे. उन्हाळ्यात ती दगडासारखी आणि तिला भेगा. पहिल्या पावसानंतर तीच जमीन वरून सुकलेली दिसते आणि आत लोण्यासारखी असते. टाचेने जोरात दाबून बघा. टाच रुतली तर चाक नक्की रुतणार. मुरूम टाकलेला असेल तर किती जाडीचा आहे ते उकरून बघा, दोन इंच मुरूम म्हणजे नुसती पावडर लावलेली असते. दुसरं, सेप्टिक टँक आणि पाण्याची टाकी. नव्या घरात त्या अंगणातच असतात, वर स्लॅब असतो आणि स्लॅबवर माती टाकलेली असते. मिस्त्रीला तोंडावर विचारा, "टाकं कुठे आहे?" त्याने दाखवलेल्या जागेपासून चाक चार हात लांब.

तिसरी गोष्ट खास आपल्या शहराची. गेल्या काही वर्षांत रस्ते सिमेंटचे झाले आणि उंच झाले. रस्त्याची कड आणि बाजूची जमीन यात अर्धा फूट, कुठे फूटभर फरक असतो. भरलेली गाडी तिरपी करून ती कड उतरलात तर टायरची बाजू कापली जाते. आणि टायर बाजूने कापला की पंक्चरवाला नुसती मान हलवतो. फळ्या सोबत ठेवा, दोन जाड सागवानी फळ्या पुरतात. कडेला लावा आणि चाक सरळ उतरवा. घरमालकाने स्वतःच उतार केलेला असेल तर तो पोकळ विटांचा आहे की भरीव, हेही लाथ मारून बघा.

चौथं, वर बघा. वायर, झाडाच्या फांद्या, पुढे आलेली गॅलरी, टीव्हीच्या केबल. हौद्यावर उभा राहिलेला हमाल गाडीपेक्षा साडेपाच फूट उंच असतो हे लक्षात ठेवा. त्याच्या हातात पाइप असेल तर आणखी उंच. विजेच्या तारेखाली गाडी उभी करून पाइप उतरवायचे नाहीत, मिस्त्री कितीही म्हणाला तरी.

हे सगळं बघून झालं की ठरवा: पुढून जायचं की रिव्हर्स. माझा नियम असा होता की भरलेली गाडी रिव्हर्स आत न्यायची आणि रिकामी पुढून बाहेर काढायची, कारण निघताना शाळेतून आलेली पोरं गल्लीत असतात आणि तेव्हा समोर दिसलं पाहिजे. रिव्हर्स घेताना हमालाला ड्रायव्हरच्या बाजूने, आरशात दिसेल असं उभं करा. तो आरशातून नाहीसा झाला की गाडी तिथेच थांबली पाहिजे. "येऊ द्या, येऊ द्या" असं ओरडणारे गल्लीत दहा असतात, ऐकायचं एकाचंच. आणि "येऊ द्या" म्हणणाऱ्याच्या हातात मोबाइल असेल तर त्याचंही नाही.

नाही जमत असं दिसलं तर नाही म्हणा. हे सगळ्यात अवघड. पहिल्या वर्षी हुडकेश्वरच्या पुढे एका साइटवर ठेकेदार म्हणाला, "काल याहून मोठी गाडी येऊन गेली भाऊ, तुम्ही कायले घाबरता?" मी गेलो. ऐंशी पोत्यांसकट मागचं चाक अ‍ॅक्सलपर्यंत रुतलं. जेसीबी यायला चार तास लागले, तेवढ्यात आभाळ भरून आलं, ताडपत्री एक आणि ती पण फाटकी. एकवीस पोती गेली. काल आलेली मोठी गाडी रिकामी होती, ती राडारोडा न्यायला आली होती, हे मला संध्याकाळी चौकीदाराच्या बायकोने चहा देताना सांगितलं. तेव्हापासून "काल मोठी गाडी आली होती" असं कोणी म्हटलं की मी विचारतो, भरलेली की रिकामी?

नाही म्हणायचं तरी वाट ठेवून म्हणायचं. "साहेब, मेन रोडवर उतरवून देतो, आतपर्यंत तुमचे मजूर नेतील," किंवा "अर्धा माल आता, अर्धा छोट्या गाडीने." मेन रोडपासून आत न्यायची मजुरी कोण देणार, हे ऑफिसला फोन करून त्याच्यासमोर ठरवा. मागाहून वाराईवरून, म्हणजे माल उतरवायच्या मजुरीवरून, जी भांडणं होतात ती सगळी हे आधी न बोलल्याने होतात. माथाडी कामगारांची टोळी असलेल्या बाजारात तर दर आणि पाळी ठरलेली असते. तिथे आपला हमाल मध्ये घालायचा नाही.

उतरवणं, चालान आणि पैसे

माल हौद्यात असतानाच घेणाऱ्याला दाखवा. फुटलेली टाइल, ओलं पोतं, खरचटलेला प्लाय, जे काही असेल ते त्याच वेळी दोघांनी बघायचं आणि चालानवर पेनाने लिहायचं. "३ नग फुटलेले, गाडीत दिसले" असं लिहिलं तर ऑफिस माल बनवणाऱ्या कंपनीकडून भरपाई मागू शकतं. जमिनीवर उतरल्यावर फुटलेलं दिसलं तर ते तुमच्या नावावर.

उतरवताना फाळका उघडायच्या आधी बाजूला उभे राहा. माल सरकून फाळक्याला टेकलेला असतो आणि कडी काढली की तो तुमच्या पायावर येतो. सिमेंटचं काम असेल तर हातमोजे आणि नाकाला फडकं घ्या. घामाने ओल्या कातडीवर सिमेंट बसलं तर ते भाजल्यासारखं होतं, म्हणून दुपारी हात-मान साध्या पाण्याने धुवायचे, नुसते झटकायचे नाहीत. पोती कुठे ठेवायची हे मिस्त्री सांगेल. पण भिंतीला चिकटवून आणि थेट जमिनीवर ठेवायला सांगितलं तर एकदा आठवण करून द्या. पुढच्या आठवड्यात गठ्ठे झाले की फोन तुमच्याच ऑफिसला येतो.

सही कोणाची? घरमालक, त्याने फोनवर सांगितलेला माणूस किंवा ठेकेदार. रेजा (मजूर बाई), चौकीदार, शेजारचे आजोबा यांची नाही. सहीखाली नाव, मोबाइल नंबर आणि वेळ. माल उतरवलेल्या जागेचा एक फोटो घ्या, त्यात घर ओळखू येईल असा. पोच न घेता परत आलेला ड्रायव्हर म्हणजे माल न पोहोचवलेला ड्रायव्हर, ऑफिसच्या लेखी तरी.

नगदी पैसे असतील तर माल उतरवायच्या आधी मोजा. यूपीआय असेल तर स्क्रीनशॉट बघून समाधान मानू नका, ऑफिसच्या खात्यात आले असा ऑफिसचा फोन येईपर्यंत शेवटची दहा पोती हौद्यात राहू द्या. यात कोणाचा अपमान नाही. "आमच्या शेठचा नियम आहे जी" म्हटलं की सगळे समजून घेतात, शेठ तेवढ्यासाठीच असतो.

ऊन, पाऊस, मिरवणुका

मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, केबिन भट्टी होते. फेऱ्या पहाटे सहाला सुरू करून साडेअकराला थांबवा, पुन्हा चारनंतर. मालकाला हे पटतं, कारण दुपारी साइटवर मजूरही नसतात. डोक्याला दुपट्टा, दोन लिटरची पाण्याची बाटली एक नव्हे दोन, आणि मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी. खिशात कांदा ठेवणारे आहेत, मीही ठेवतो, आईने सांगितलं म्हणून. पण चक्कर, मळमळ, घाम येणं बंद झालं असं काही वाटलं तर कांद्यावर विसंबू नका, सावलीत गाडी लावून ऑफिसला फोन करा. तापलेल्या इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही.

पावसाळ्यात ताडपत्री दोन ठेवा. नरेंद्रनगरच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की तिथून काढायचा मोह आवरा, पाण्याची खोली समोरच्या ऑटोवरून ठरवू नका. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्यात गेल्या. त्यानंतर आम्ही पावसाळ्यात सिमेंटची गाडी रात्री भरून ठेवणं बंद केलं. सकाळी अर्धा तास उशीर चालतो, ओली गाडी चालत नाही.

शिवाय शहराचं स्वतःचं पंचांग आहे. तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्या दिवशी इतवारी-महालाकडची डिलिव्हरी घेऊच नका. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी लाखो लोक दीक्षाभूमीवर येतात. लक्ष्मीनगर, बजाजनगर, रहाटे कॉलनी या बाजूचा माल दोन दिवस आधीच पोहोचवा. रामनवमीला शोभायात्रा असते. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की सिव्हिल लाइन्स, झिरो माइल, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट इथे मोर्चे आणि बॅरिकेड. ग्राहकाला आधीच सांगितलं तर तो समजतो, ऐनवेळी सांगितलं तर बहाणा वाटतो.

काही झालंच तर

धक्का लागला, कोणी पडलं, तर पळायचं नाही. गाडी बंद, इंडिकेटर चालू, १०८ ला फोन, मग ११२, मग ऑफिस. जखमीला मदत मिळवून देणं ही कायद्याने ड्रायव्हरचीच जबाबदारी आहे. जमाव चढून आला तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन स्वतः हजर व्हा. गाडी कशी उभी होती याचे फोटो आधी काढा. जागेवर पैसे देऊन मिटवायची घाई करू नका, विमा त्यासाठीच असतो, आणि कागद जागेवर असतील तरच तो कामाला येतो. पोलिसाने थांबवलं तर खाली उतरून "नमस्कार साहेब" म्हणून कागद दाखवा. वाद ऑफिस घालेल.

संध्याकाळी

गाडी लावताना तोंड फाटकाकडे, सकाळी अंधारात रिव्हर्स नको. हौदा झाडा, सिमेंटची धूळ रात्रीच्या दवात दगड होते. सगळी चालानं क्रमाने लावून हिशोबाच्या माणसाच्या हातात द्या, टेबलावर ठेवून जाऊ नका. एका चालानचा कागद पंख्याने उडाला म्हणून मी एकदा सात हजारांचा हिशोब रात्री साडेनऊपर्यंत देत बसलो होतो. किलोमीटरचा आकडा आणि डिझेलचा काटा, दोन्हींचा एक फोटो. गाडीत काही खडखडलं असेल, ब्रेक खाली जात असेल, स्प्रिंगचा पाटा वाजत असेल तर ते तोंडी न सांगता वहीत लिहा आणि खाली वेळ टाका. आज जिथे चाक रुतता रुतता वाचलं त्या लेआउटचं नाव आणि तिथला पानठेलाही त्याच वहीत लिहा, उद्या तिथे दुसराच ड्रायव्हर जाणार असतो.